दोनशे चौदा नंबरचा कागद

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात. मीसुद्धा इथल्या गोष्टी वाचताना पहिली ओळ सोडूनच देते. पण ही माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे. बरीचशी तिने सांगितलेली, एकाच बैठकीत, भिंतीकडे बघत. शेवटचा तुकडा मात्र माझा. तो मी अजून कुणालाच सांगितलेला नाही.

तिलाही नाही.

आणि आधीच सांगते, यात रात्र नाही. अंधार नाही. जे काही घडलं ते भर दुपारी, दीड ते सव्वादोनच्या मधे, जेवणाच्या सुट्टीत. जागा एका मोठ्या वकिली फर्मच्या तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली. बाहेर डोकं भाजून काढणारं ऊन, खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, आणि आत ताई एकटी.

ताई तेव्हा वकिलीच्या चौथ्या वर्षाला होती. ती फर्म दर उन्हाळ्यात सहा विद्यार्थी घ्यायची, आठ आठवड्यांसाठी. गळ्यात ओळखपत्र, बसायला टेबल, आणि सकाळी नऊपासून ढोरमेहनत. शेवटी सहांपैकी एकाला पत्र मिळायचं... शिक्षण संपलं की इथे रुजू व्हा. बाकी पाचांच्या हातात नुसता अनुभवाचा दाखला.

तिथले जुने कर्मचारी या मुलांना "उन्हाळी" म्हणायचे. "यंदाचे उन्हाळी जरा बरे दिसतायत," असं शिपाई एकमेकांत बोलायचे, भाजीबद्दल बोलावं तसं.

ताईला ते पत्र हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, तिचा जीव अडकला होता त्यात.

कारण आमचे बाबा कोर्टाच्या फाटकाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. तीस वर्षं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे. कलमं तोंडपाठ. नव्या वकिलांच्या चुका ते टाइप करता करता गुपचूप दुरुस्त करायचे. पण त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही. बरा माणूस असला तर "अहो टायपिस्ट". नाहीतर नुसतं "ए". फाटकाच्या आत त्यांना कधी कुणी बस म्हटलं नाही.

ताईची निवड झाल्याचं कळलं, त्या दिवशी बाबांनी शेजारीपाजारी, किराणावाला, इस्त्रीवाला, कुणाला म्हणून सोडलं नाही. "मोठी आता त्या फर्ममधे," एवढंच सांगायचे. आठ आठवड्यांसाठी, हे गिळून टाकायचे.

त्या वर्षी फर्मकडे एक मोठा दावा होता. शहराबाहेरच्या एका शीतगृहात गॅस गळून पाच कामगार मेले होते. त्यांच्या घरच्यांनी कंपनीवर दावा लावला होता, आणि फर्म कंपनीच्या बाजूने लढत होती. नऊ वर्षांपूर्वी त्याच शीतगृहात असाच गॅस गळला होता, तेव्हा दोघं गेले होते. तेव्हाही हीच फर्म. तो दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला. आता कोर्टाने हुकूम दिला होता, जुने-नवे सगळे कागद यादी करून समोरच्या वकिलाला दाखवा.

नव्या कागदांवर पाच उन्हाळी बसले. जुन्या चाळीस खोक्यांवर ताई एकटी.

घरी हे निघालं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"त्या पाचांचा दावा मी टाइप केलाय," ते म्हणाले.

"खरंच?"

"त्यातल्या एकाची आई येते ना माझ्या टेबलाशी. एकुलता एक मुलगा होता. मी मावशी म्हणतो त्यांना. आजच म्हणत होत्या, तुमची मुलगी तिथेच आहे ना, तिला सांगा, आमचे कागद नीट बघ म्हणावं."

ताई म्हणाली, "बाबा, मी समोरच्या बाजूला आहे."

"मग काय झालं? नीट तर दोन्हीकडून बघता येतं."

ताई पाणी पिऊन उठली.

जुनी खोली म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची. दाराला मधोमध वीतभर काच. आत लांब टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि भिंतीला छतापर्यंत खोकी. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दीड वाजला की सगळा मजला जेवायला खाली जायचा आणि शिपाई एसी बंद करायचा. मग खोली भट्टीसारखी तापायची.

ताई जेवायला जायची नाही. डबा टेबलावरच उघडायची, एका हाताने खायची, दुसऱ्या हाताने लिहायची. तेवढीच पाऊण तासाची आघाडी.

यादी हाताने करायची, असा मॅडमचा नियम. मॅडम म्हणजे हा दावा सांभाळणाऱ्या वकीलबाई. तिशी नुकती ओलांडलेल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. जुन्या कागदांवर नऊ वर्षांपूर्वीच्या यादीचे नंबर शिक्क्याने मारलेले होतेच, जाडजूड रजिस्टरालाही एकच नंबर. ताईने प्रत्येक कागद वाचायचा आणि लिहायचं... नंबर, तारीख, कशाबद्दल. शेवटी सही. मग ती यादी कॉम्प्युटरवर चढायची आणि हाताने लिहिलेली फाडली जायची.

सातव्या आठवड्याचा मंगळवार.

ताई दोनशे तेरापर्यंत आली होती. पुढचा कागद उचलला, तर त्यावर शिक्का दोनशे पंधराचा.

मधला एक नव्हता.

तिने खोकं पालथं केलं. खालचं, वरचं बघितलं. नाही. असेल कुठेतरी म्हणून तिने दोनशे पंधरा लिहायला घेतला, आणि तेवढ्यात तिला आवाज आला...

पान उलटल्याचा.

बोटाला थुंकी लावून, सावकाश. सर्र. मग जरा थांबून पुन्हा... सर्र.

तिला वाटलं, शेजारच्या खोलीत कुणी असेल. मग आठवलं, शेजारी खोलीच नाही. एका बाजूला लिफ्टची भिंत, दुसऱ्या बाजूला खिडकी.

तिने पेन खाली ठेवलं आणि श्वास रोखून बसली.

सर्र.

सर्र.

मग आवाज बंद झाला. ती ऐकत होती हे कुणाच्या तरी लक्षात आल्यासारखा.

ताई उठली, व्हरांड्यात गेली, कूलरचं पाणी प्यायली, तोंडावर मारलं. उन्हाने डोकं फिरलंय, स्वतःला म्हणाली. परत आली.

यादीत दोनशे तेराच्या खाली एक नवी ओळ होती.

नुसता आकडा. २१४.

निळ्या शाईत. ताई काळ्या पेनने लिहायची.

त्या सहा जणांत एक मुलगा होता, त्याला सगळे फर्स्टक्लास म्हणायचे, कारण आपल्या फर्स्टक्लासशिवाय दुसरं काही तो सांगतच नसे. पत्रासाठी खरी चुरस त्याच्याशी. ताईने त्याला जिन्यात गाठलं.

"माझ्या यादीला हात लावलास?"

"कधी?"

"आत्ता. जेवणाच्या सुट्टीत."

"मी जेवत होतो. तुझ्या यादीसाठी मी जेवण सोडीन?" तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसू आवरलं. "बाई गं, थोडं झोपत जा."

ताईने ती ओळ खोडली. पान नव्याने लिहून काढलं.

बुधवारी दुपारी तिने दाराला आतून कडी लावली. डबा उघडला, पण घास उतरेना. खोली तापलेली, ब्लाउज पाठीला चिकटलेला. आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडून मात्र गार हवा येत होती... फ्रिजचं दार उघडं राहिल्यासारखी.

तिने नजर खोक्याकडे वळवली. कागद काढला. यादीकडे पाहिलं.

२१४. आणि पुढे तारीख. नऊ वर्षांपूर्वीची.

अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. शिरोरेघ न दिलेलं.

गुरुवारी तारखेच्या पुढे आणखी शब्द आले. "फिटरचं पत्र. झडप नंबर तीन."

ताईने दाव्याचे कागद उघडून बघितले. पाच माणसं मेली ती झडप नंबर तीन फुटल्यामुळे. त्या मावशींचा मुलगा दारापासून चार पावलांवर सापडला होता. हे बाबांनीच टाइप केलेलं होतं. पान सात.

ती त्या दिवशी रेकॉर्डवाल्या काकांकडे गेली. काका तळघरात बसायचे, खोक्यांच्या चाव्या त्यांच्याकडे. निवृत्तीला आलेला माणूस, तोंडाने फटकळ. ताईने सगळं सांगितलं नाही, फक्त विचारलं, दोनशे चौदा नंबरचा कागद कुठे गेला असेल?

काकांनी हातातली वही मिटली.

"दुपारी त्या खोलीत बसता तुम्ही?"

"हो."

"नका बसू. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं मी. पण उन्हाळी दरवर्षी नवे. किती जणांना सांगू? आणि सांगितलं की हसता तुम्ही लोक."

"मी नाही हसणार, काका."

काकांनी वही बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ती पण उन्हाळीच होती. नऊ वर्षं झाली. तुमच्यासारखीच डबा खोलीत खायची. तिला एक कागद सापडला, तिने यादीत चढवला. वरून निरोप आला, काढ. ती म्हणाली, नाही काढणार. मग सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, आजची यादी पुरी कर आणि जा. जेवून सगळे वर आले तर ती टेबलावर डोकं ठेवून होती. झोपली म्हणून कुणी उठवलं नाही. अर्धा तास."

ताई समोरच्या स्टुलावर बसली.

"हृदय कमजोर होतं, असं सांगितलं. असेलही. समोर यादीचे कागद पडले होते. तीच ओळ, पुन्हा पुन्हा, वीस-पंचवीस वेळा. साहेबांनी फाडले. मूळ कागद मात्र कुणाला सापडला नाही. आठ दिवस खोली उपसत होते. तिने कुठे ठेवला, देवाला ठाऊक."

"तिच्या घरचे?"

"वडील आले होते. ओळखपत्र परत द्यायला." काकांनी वही पुन्हा उघडली. "गळ्यात घालतात ना तुमच्या, ते. आम्ही मागितलं नव्हतं. स्वतःहून आले बिचारे."

त्या रात्री ताई झोपली नाही हे मला आठवतं. आम्ही एकाच खोलीत झोपायचो. मी विचारलं तर म्हणाली, उकडतंय.

शुक्रवार.

ताईने ठरवलं होतं, आज यादीवरून नजर हलवायची नाही. काय होतंय ते बघायचंच.

दीड वाजला. एसी थांबला. व्हरांड्यातल्या चपलांचे आवाज जिन्याने खाली गेले. लिफ्टचं दार लागलं.

ती यादीकडे टक लावून बसली. एक मिनिट. पाच मिनिटं. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला तरी तिने पापणी मिटली नाही.

काहीच झालं नाही.

मग समोरची खुर्ची फरशीवरून घासत मागे सरकली... हळूच... कुणी बसायला ओढावी तशी.

ताईने मान वर केली.

कुणी नव्हतं. खुर्ची टेबलापासून वीतभर लांब.

तिने मान खाली घातली.

ओळ पूर्ण झाली होती. शाई अजून ओली होती.

"खोकं एकतीस. झाकणाच्या आत."

एकतिसावं खोकं अगदी वर होतं. ताई टेबलावर चढली, ते खाली काढलं. झाकण जाड पुठ्ठ्याचं, आतून कागद चिकटवलेला. एका कडेचा डिंक वेगळा दिसत होता. तिने नखाने उकललं.

आत चारपदरी घडी केलेला एक कागद.

शिक्का २१४.

शीतगृहाच्या फिटरने मॅनेजरला लिहिलेलं पत्र. त्याने पेन्सिलने, मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलं होतं. झडप नंबर तीन गळते, दोनदा सांगितलं. सध्या बांधून ठेवली आहे. आत माणसं असताना सुटली तर बाहेर पडायला वेळ मिळणार नाही, बदलून घ्यावी. खाली मॅनेजरची सही, आणि सहीच्या वर एकच शब्द, "पाहिलं".

पहिला अपघात त्यानंतर चार महिन्यांनी झाला होता. दुसरा नऊ वर्षांनी. झडप तीच.

ताई कागद घेऊन तडक मॅडमच्या केबिनमधे गेली. मॅडम जेवायला जायच्या नाहीत, सफरचंद कापून खायच्या. त्यांनी कागद घेतला. वाचला. सुरी बाजूला ठेवली. पुन्हा वाचला.

"कुठे मिळाला?"

"खोक्याच्या झाकणात."

"झाकणात," मॅडम म्हणाल्या. "आम्ही भिंतीसुद्धा ठोकून बघितल्या होत्या."

ताईला कळलं नाही. मग कळलं.

"तुम्हीसुद्धा होता त्या वर्षी?"

"मी तिच्या समोरच्या खुर्चीवर बसायचे." मॅडमचा आवाज नेहमीसारखाच होता. "तिने मला आधी दाखवला होता हा. म्हणाली, दोघींनी मिळून सांगू. मी म्हटलं, मला यात पाडू नकोस. त्या वर्षीचं पत्र मला मिळालं."

बाहेर कुठेतरी टेलिफोन वाजत राहिला आणि थांबला.

मॅडमनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि ताईसमोर सरकवला.

"हा मी पाहिलेला नाही. चार वाजता यादी आणून दे. यादीत दोनशे चौदा असेल तर तो समोरच्या वकिलाकडे जाईल. मी अडवणार नाही. आपण दावा हरू, आणि तुला पत्र मिळणार नाही. यादीत नसेल तर तुझं पत्र आजच टाइप होईल. फर्स्टक्लासला मी कळवते."

"मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायचं ते नऊ वर्षांपूर्वी वाटून झालं," मॅडम म्हणाल्या आणि सफरचंदाची फोड उचलली.

ताई खोलीत परत आली. दोन वाजून पाच मिनिटं. मजला अजून रिकामा होता.

समोरची खुर्ची तशीच मागे ओढलेली. गार हवा टेबलावरून तिच्या मनगटापर्यंत येत होती. आज तिला भीती वाटली नाही, ती म्हणाली. उलट कुणीतरी सोबत बसल्यासारखं वाटलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मैत्रीण बसते ना, तसं.

तिने एक कोरं पान पुढे ओढलं. पेन उघडलं.

तिच्या डोळ्यांसमोर त्या मावशी आल्या. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं, बाबांच्या बोलण्यातूनच ओळखत होती. मग बाबा आले. बाबांना तिने रोज पाहिलं होतं. फाटकाबाहेर, उन्हात, छत्रीच्या तुकडाभर सावलीत, "ए" म्हटलं की मान वर करणारे.

तिने लिहायला सुरुवात केली. दोनशे सहा, दोनशे सात... आधीचं पान बघून भराभर.

दोनशे तेरा लिहिलं.

समोरून श्वास घेतल्याचा आवाज आला. अगदी स्पष्ट. कुणी वाट बघताना घेतं तसा, अर्धवट धरून ठेवलेला.

ताईचं पेन थांबलं. किती वेळ, तिला माहीत नाही.

मग तिने दोनशे पंधराचा कागद ओढला आणि लिहिलं.

तो श्वास सुटला नाही. तिथेच विरला.

व्हरांड्यात कागद कापायचं मशीन होतं. ताई उठली, फिटरचं पत्र त्यात घातलं. मशीनने ते दोन सेकंदांत खाल्लं. मग तिने ते निळ्या शाईचं पानही घातलं.

परत आली तेव्हा समोरची खुर्ची टेबलाला अगदी लागून होती. आत सरकवलेली. काम संपवून निघताना आपण सरकवतो तशी.

खोली गरम होती. सगळीकडे सारखीच गरम.

चार वाजता तिने सही करून यादी दिली. सहाला पत्र मिळालं.

त्या संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. घरातच. ताईचं पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि म्हणाले, "टायपिंग चांगलंय, मार्जिन जरा कमी सोडलंय." आई रडली. ताई आंघोळीला गेली ती तासभर बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या मावशींना सांगितलं, माझी मुलगी आता कायमची तिथे लागली, आता तुमच्या कागदांची काळजी करू नका.

दावा दीड वर्षाने निकाली निघाला. कंपनीला झडपेची आधी कल्पना होती असं दाखवणारा एकही कागद नाही, असं निकालात लिहिलं होतं. पाचही घरं हरली.

मावशींनी अपील करायचं ठरवलं. टाइप अर्थातच बाबांनी केलं, आणि रात्री मसुदा घरी घेऊन आले. "तू एकदा नजर घाल गं," ताईला म्हणाले. "तुझी बाजू वेगळी, पण शुद्धलेखन तर बघशील?"

ताईने बघितलं. दोन स्वल्पविराम घातले, एक वेलांटी बदलली. मसुदा परत दिला.

त्याच रात्री तिने मला हे सगळं सांगितलं. बाबांना सांगायचं नाही म्हणाली. मी सांगितलं नाही. त्यांना अजून माहीत नाही.

मी तिला विचारलं होतं, "पुन्हा कधी काही दिसलं? ऐकू आलं?"

"नाही."

"मग बरं झालं ना."

ताई म्हणाली, "मी रोज जाते तिथे. दीड वाजता. डबा घेऊन बसते. तिच्याशी बोलतेसुद्धा. चुकले म्हणते. काहीच होत नाही गं. पान हलत नाही. खुर्ची गार लागत नाही. ती गेली, छोटे. इतकी वर्षं कुणाची तरी वाट बघत होती, आणि मी आले, म्हणून ती गेली."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिने तो बाजूला केला.

आता माझा तुकडा.

मागच्या महिन्यात ताई चष्मा घरी विसरली. मी सुट्टीवर होते, म्हटलं नेऊन देते. पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. फर्मच्या दारात विचारलं तर म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर, शेवटची खोली. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. एसी बंद होता. माझ्या चपलांचा आवाज मलाच नको झाला.

दाराच्या काचेतून मी आत पाहिलं.

ताई टेबलापलीकडे, दाराकडे तोंड करून बसली होती. डबा उघडा, हात मांडीवर. ओठ हलत होते. ती समोरच्या खुर्चीकडे बघून काहीतरी बोलत होती.

समोरच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं...

मला आधी वाटलं, सोबत काम करणारी कुणी असेल. बारीक चणीची मुलगी, केस मागे बांधलेले, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. मला तिचा चेहरा दिसत होता, म्हणजे दिसायला नको होता. ती ताईच्या समोर बसली होती, तर काचेतून मला तिची पाठ दिसायला हवी होती.

खुर्ची उलटी फिरवलेली होती. ती मुलगी दाराकडे तोंड करून बसली होती. ताईकडे पाठ करून.

ताई बोलत होती. अजिजीने, मान पुढे काढून. त्या मुलीने हात मांडीवर घट्ट धरले होते. ती सगळं ऐकत होती. मागे बघत नव्हती.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कंटाळलेला माणूस बघतो तसं.

माझ्या हातून चष्म्याची डबी पडली. ती उचलून मान वर केली तेव्हा खोलीत ताई एकटीच होती. खुर्ची सरळ, टेबलाला लागून.

ताईने दार उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझा चेहरा नीट पाहिला. तिचे डोळे एकदम मोठे झाले. तिने माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत.

"काय पाहिलंस? कुणी होतं आत?"

इतकी आशा तिच्या आवाजात मी पत्र मिळालं त्या दिवशीसुद्धा ऐकली नव्हती.

"सांग ना, छोटे. होतं कुणी?"

"नाही," मी म्हटलं. "तू एकटीच होतीस."

तिने हात सोडला. चष्मा घेतला. "जेवून जातेस का?" विचारलं. मी नको म्हटलं.

लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने उतरले. तळमजल्यावर कुणीतरी नव्या उन्हाळ्यांची यादी लावली होती, सहा नावांची. मी ती वाचली नाही.

ताई अजून रोज दीड वाजता तिथे जाते. मला अजून कळत नाही, मी खोटं बोलले ते बरं केलं की वाईट.